पेवातलं पोर

खर्ड्याचा किल्ला मागे पडला तसं सुश्रुतने पुन्हा एकदा विचारलं, “आजच बोलायला हवं का?” आणि धनश्रीने पुन्हा एकदा खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. नांगरून टाकलेली काळी रानं, चटका देणारं ऊन आणि एका बोर्डावर कुणातरी भावी सरपंचाचा हसरा चेहरा. पण नवऱ्याला उत्तर न देण्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

“आज आखिती आहे,” ती शेवटी म्हणाली. “बाबांची घागर आहे. तात्या समोर असणार, सगळे असणार. आज नाही तर कधी?”

पुण्यात कॉलेजच्या पोरांना मानसशास्त्र शिकवणारा सुश्रुत घरात शक्यतो मानसशास्त्र बोलत नसे. एकदा बोलला होता, आणि त्यापायी आठवडाभर हॉलमधल्या सोफ्यावर झोपला होता.

त्याचं असं झालं होतं. तीन वर्षांपूर्वी धनश्री ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकली. बरोबरच्या पोरी मोबाईलवर व्हिडिओ काढत हसत होत्या आणि ही घामाने भिजून खाली बसली, ती सरळ दवाखान्यात उठली. लिफ्ट, बंद गाडी, बाथरूमची कडी, सगळ्याचीच तिला लहानपणापासून धास्ती होती. पण आता ती धास्ती घराच्या दारात येऊन बसली. मग एक समुपदेशक बाई झाल्या. बाई चांगल्या होत्या, शांत होत्या. त्या म्हणाल्या, डोळे मिटा आणि ह्या भीतीच्या मागे मागे जा, बघा कुठे पोचता.

धनश्री गेली. महिनोन्‌महिने जात राहिली आणि एक दिवस पोचली. अंधार. जोंधळ्याच्या धुळीचा वास. डोक्यावर उंच एक गोल उजेड, आणि त्या उजेडात वाकून बघणारा तात्यांचा चेहरा. मग अंधार. आणि त्या अंधारात डोक्यावरून येणारा एक आवाज, फुर्र, फुर्र, कुणीतरी काहीतरी फुरकत असल्यासारखा. हा आवाज तिने बाईंना सांगितला होता, आणखी कुणालाच नाही. सुश्रुतलाही नाही, कारण तोही चहा आवाज करतच प्यायचा आणि तो भांडणाचा वेगळा विषय होता.

हे गावच्या घरचं पेव होतं, यात तिला शंका राहिली नाही. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं धान्याचं कोठार. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, आणि आत खोलीएवढी जागा. तात्यांनी आपल्याला त्यात टाकून वर झाकण लावलं होतं.

तात्या म्हणजे रंगनाथ, तिचे चुलते. बाप गेला तेव्हा धनश्री चार वर्षांची होती. तेव्हापासून तात्यांनी तिला खांद्यावर बसवून वाढवलं. जातीबाहेरचा सुश्रुत पसंत केला तेव्हा सगळी भावकी उठली होती. तात्या एवढंच म्हणाले होते, “पोरीनं बगितलाय, मंग आपून काय बगायचं?” अशा माणसाला तिने त्या दिवशी फोन लावला आणि सरळ विचारलं, “तात्या, लहानपणी तुम्ही मला पेवात कोंडलं होतं. का?” मग तात्या म्हणाले, “बरं.” आणि फोन सुनेच्या हातात देऊन टाकला.

ज्याने काही केलं नाही तो माणूस ‘नाही’ म्हणतो, ‘बरं’ म्हणत नाही, असा धनश्रीने हिशेब मांडला. त्यावर सुश्रुत म्हणाला होता, “तुझी आठवण खोटी नाही गं. पण आठवण खोटी नाही म्हणजे ते घडलंच असं नाही.” सोफा त्यानंतरचा.

दोन वर्षं ती गावाला फिरकली नाही. आज आली होती ती मनाशी ठरवून. तात्यांनी चारचौघांत कबूल केलं तर ठीक. नाही केलं, तर पुढच्या वर्षापासून बाबांची घागर ती पुण्याला, आपल्या फ्लॅटमध्ये भरणार. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीच्या घागरी भरायच्या, त्यावर आंबा ठेवायचा, त्यांना रस-पोळीचा घास काढायचा, ही रीत. धाकट्या भावाची घागर तात्या धरत आणि पाणी धनश्री ओतत असे, चार वर्षांची होती तेव्हापासून. ती घागर नेणं म्हणजे बाबांनाच ह्या घरातून उठवून नेणं. ते तिलाही कळत होतं.

गाडी दारात थांबली तेव्हा तात्या अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर बसले होते. तात्या कायम बाहेरच. उन्हाळा असो, थंडी असो, झोपायलाही बाहेरच. ‘तात्यांना छत चावतं’ हा घरातला जुना विनोद होता. हर्षलने, त्यांच्या मुलाने, वडिलांसाठी खास खोली बांधली, पंखा बसवला. त्या खोलीत आता कांदे होते.

“आलीस व्हय?” तात्या उठून उभे राहिले. किती वाळले होते. धनश्रीला वाटलं होतं की आपल्याला राग येईल. राग आला, पण त्याच्या आधी धावत जाऊन त्यांना धरावंसं वाटलं, आणि त्याचाही तिला राग आला.

“पाणी घे,” मोनिका तांब्या घेऊन आली. हर्षलची ही बायको घरातल्या प्रत्येकाचा पारा नुसत्या चपलांच्या आवाजावरून ओळखायची.

“नको, वहिनी.”

“म्हणजे आधी भांडण, मग पाणी,” मोनिका हलकेच म्हणाली. “चालेल. पण कुरडया तळायच्या आत उरका. गार झाल्या की मऊ पडतात.”

ओसरीवर केशरआत्या पायलीभर आंबे पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. तात्यांची थोरली बहीण, ऐंशी मागे टाकून बरीच पुढे गेलेली. दात गेले, एक कान गेला, पण जीभ शाबूत. त्यांच्या मांडीला रेलून हर्षलची पूजा कोय चोखत होती. पूजा पाच वर्षांची, आणि तिचा फ्रॉक आता फ्रॉक राहिला नव्हता.

“या, पाव्हणं,” आत्या सुश्रुतला म्हणाल्या, “बार्शीचं लोक काय म्हनत्यात?”

“आत्या, मी सुश्रुत. पुण्याचा.”

“तेच ते,” आत्या म्हणाल्या आणि पुढचा आंबा दाबून मऊ करायला, माचवायला घेतला.

बार्शीचा जावई वैजनाथचा होता. वैजनाथ हा आत्यांचा मुलगा, जामखेडला खत-बियाणांचं दुकान चालवायचा. गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकून न घेता त्याला काय लागतं ते द्यायचं, ही त्याची पद्धत, आणि ती चालत होती. तो आईला घेऊन सकाळीच आला होता आणि आता पाटावर ऐसपैस बसून घागरी कशा मांडाव्यात ते हर्षलला सांगत होता.

घागरी मांडून झाल्या. आजोबांची, आजीची, काकूंची, धनश्रीच्या आईची, आणि शेवटी बाबांची, नवी, लालसर. तात्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि मान वर न करता म्हणाले, “धनू, पानी वत.”

धनश्री तांब्या घेऊन उभी होती. “आधी बोलायचंय, तात्या.”

“बोल.”

तिने सगळं सांगितलं. आवाज कापू नये म्हणून रस्ताभर मनात घोकलं होतं, तरी कापलाच. अंधार, धूळ, वरचा उजेड, तात्यांचा चेहरा, झाकण. “मला भांडायचं नाही,” ती म्हणाली. “तुम्ही का केलं तेही नका सांगू. फक्त झालं होतं एवढं म्हणा. नाहीतर बाबांची घागर मी पुढच्या वर्षापासून पुण्याला भरीन.”

स्वयंपाकघरातलं तेल तेवढं चुरचुरत राहिलं. सुश्रुतने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि अशा वेळी ज्याने बोलू नये तोच बोलला.

“तुला?” वैजनाथ म्हणाला. “तुला कशाला टाकतील पेवात? पेवात तर मला टाकलं हुतं.”

“काय?”

“मला. मामाच्या घरी सुट्टीला आलो हुतो. गूळ चोरला म्हनून. मला चांगलं ध्यानात हाय, आत जोंधळा हुता, अंगाला खाज सुटली हुती.”

“दादा, तुमचं काहीतरी चुकतंय,” हर्षल म्हणाला. तो तालुक्याच्या पतसंस्थेत मॅनेजर होता आणि सगळ्यांना हेच, ह्याच आवाजात सांगायचा. “पेवात मला टाकलं होतं. शाळा बुडवली होती मी. हे तिथं, आता ट्रॅक्टर उभा आहे ना, तिथं होतं पेव.”

“ट्रॅक्टरखाली? अरं, पेव तुळशीपाशी हुतं.”

“जिन्याखाली होतं,” धनश्री म्हणाली, आणि आपण ह्या लिलावात बोली लावतोय हे लक्षात येऊन तिचा संताप झाला. कितीतरी महिने डोळे मिटून, रडून, पैसे मोजून जे तिने वर काढलं होतं, त्यावर हे दोघं वारसाहक्क सांगत होते.

“वर सायेब बसला हुता,” वैजनाथला आता थांबवणं अवघड होतं. “मी खाली कोंडलेला, आन्‌ वर सायेब बशीतनं च्या पितोय. फुर्र. फुर्र. अजून कानात हाय माज्या.”

धनश्रीच्या हातातला तांब्या हिंदकळला. पायावर पाणी सांडलं ते तिला कळलंही नाही. हा आवाज तिचा होता. तिने तो कुणालाही दिला नव्हता.

“हां, चहाचं बरोबर आहे,” हर्षल म्हणाला. “माझ्याही वेळी प्यायलाच होता.”

“तुझ्या वेळी कुठला साहेब आला होता घरी?” मोनिकाने स्वयंपाकघराच्या दारातून झारा हातात धरून विचारलं.

हर्षल विचारात पडला. नवराबायकोत अशी वेळ रोज येत नाही, म्हणून मोनिका ती चवीने बघत उभी राहिली.

“मलापण टाकलं होतं,” पूजा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने तोंडातली कोय काढली. “पेवात. अंधार होता. वर साहेब चहा पीत होता. मी रडले नाही. मग मला वर काढलं आणि गूळ दिला.”

“तुला कोणी टाकलं गं, बाळा?” सुश्रुतने विचारलं. त्याचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता, म्हणजे तो घाबरला होता.

“तात्यांनी,” पूजा म्हणाली. “मी पोळी खात नव्हते म्हणून.”

“आणि हे तुला कोणी सांगितलं?”

“मला आठवतंय,” पूजा ठासून म्हणाली. मग थोडा विचार करून तिने भर घातली, “आत्याआजी आली की दर वेळी सांगते, म्हणून आठवतंय.”

सगळ्या माना ओसरीकडे वळल्या. केशरआत्या, ज्यांना हाक मारली तर तीनदा मारावी लागायची, त्यांना नेमकं हे पहिल्या झटक्यात ऐकू गेलं होतं. त्या फार मन लावून आंब्याचं देठ काढत होत्या.

“आई,” वैजनाथ म्हणाला, “आगं, तू मला सांगितलं हुतंस का हे?”

“सगळ्यांनाच सांगितलंय,” आत्या म्हणाल्या. “जे लेकरू मांडीवर आसंल त्याचं नाव घालायचं. दुसऱ्याची गोष्ट कोन ऐकतंय? आपलं नाव आलं की गप पडून ऱ्हात्यात. तुमी सगळी माज्या मांडीवरच निजलाय.”

आणि त्यांनी खरोखरच बिनदातांच्या तोंडाने फुर्र करून दाखवलं. वैजनाथ दचकला, हर्षल दचकला. धनश्रीच्या मानेवर काटा आला. त्या घरात आठवणींचं असं पेव फुटलं होतं आणि त्यातलं सगळं धान्य एकाच घरचं निघालं होतं.

“जावईबापू,” वैजनाथ म्हणाला, “तुमचं शास्त्र काय म्हनतं ह्याला?”

सुश्रुतने बायकोकडे बघितलं. सोफा त्याच्या डोळ्यांसमोर असणारच. “शास्त्रात दोन बाजू आहेत,” तो सावकाश म्हणाला. “एक म्हणते, सहन न होणारी गोष्ट मन झाकून ठेवतं आणि कधीतरी, कित्येक वर्षांनी, ती वर येते. दुसरी म्हणते, आठवण ही ठेवलेली वस्तूच नाही, ती आपण दर वेळी नव्याने रांधतो, आणि दुसऱ्याने दिलेलं त्यात सहज मिसळतं. मोठ्या माणसांना सांगितलं की तुम्ही लहानपणी बाजारात हरवला होता, घरच्यांनीच सांगितलंय, तर काहींना ते खरंच आठवायला लागतं. चार महिन्यांत नाही, चार बैठकांत. दोन्ही बाजूंना जाणती माणसं आहेत. पस्तीस-चाळीस वर्षं भांडण चाललंय.”

“म्हंजे आमच्या बांधावानीच,” वैजनाथ समाधानाने म्हणाला.

“म्हणजे मी खोटी,” धनश्री म्हणाली.

“नाही. मी असं म्हणालो नाही.”

“मग काय म्हणालास? गोष्ट ऐकली आणि अंगाला लावून घेतली, असंच ना? मग मला लिफ्टमध्ये श्वास का येत नाही? वैजूदादाला येतो. हर्षलला येतो. मलाच का?” आणि एवढा वेळ जे अडवून धरलं होतं ते आलंच. ती तांब्या घेऊन उभ्या उभ्या रडायला लागली. मोनिकाने गॅस बंद केला.

“थांबा,” तात्या म्हणाले.

ते अजून बाबांची घागर धरून बसले होते. “पोरगी खोटं बोलायची न्हाई. मी वळखतो तिला. ती म्हनती तर केलं आसंल मी.”

“तात्या, न आठवता कबूल नका करू,” धनश्री हुंदके देत म्हणाली. “मला तसलं नको.”

“न आठवता न्हाई. दोन वरीस हितं बाजंवर पडून तेच आठवतोय. आदी काईच येत न्हवतं. फोन आला तवा म्हनून तर ‘बरं’ म्हनलो. आता काय सांगावं माणसानं?” त्यांनी डोळे मिटले. “मंग याया लागलं. धूळ येती आदी. नाकातोंडात. भिताड गार लागतं, हात लावला की माती सुटती. वर उजेड हाय, येवढाच, भाकरीयेवढा. मी हात वर करतो, पुरत न्हाई. मंग त्यो उजेडबी जातो. आन्‌ मंग वर कुनीतरी च्या पितंय.” त्यांनी डोळे उघडले. “येवढं आठवतंय बग. तू त्यात कुठं दिसत न्हाईस, पर आसशीलच. माफी कर.”

समुपदेशक बाई दर वेळी एक प्रश्न विचारायच्या. तो धनश्रीच्या तोंडून आपोआप आला. “तात्या, तुम्ही कुठे आहात? वर का खाली?”

“खाली,” तात्या म्हणाले.

“झाकण लावणारा वर असतो, तात्या.”

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना ते कळलं नव्हतं. दोन वर्षं स्वतःला आरोपी करून शोधत होते आणि ह्या साध्या गोष्टीकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. सुश्रुतने तोंड उघडलं. ही गोष्ट तात्यांनीही हजारदा ऐकलेली आहे, त्यांचीही आठवण तशीच उसनी असू शकते, हे त्याला सांगायचं होतं. मग त्याने म्हाताऱ्याचा चेहरा बघितला आणि मास्तर असूनही तोंड मिटलं.

केशरआत्यांनी पुढ्यातली परात बाजूला सारली. “रंगू,” त्या म्हणाल्या. ह्या नावाने तात्यांना हाक मारणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं. “तूच हुतास खाली. बाकी कुनी न्हवतं कदी.”



“लेव्हीचं दिवस. सरकार घराघरातनं जोंधळा मोजून न्यायचं, आन्‌ वर दुष्काळ. पेवात तळाला थोडा हुता, त्यो झाडून काढायला लहान पोर लागायचं. दादांनी, आमच्या वडलांनी, आदी दिवा सोडून बगितला, हवा बरी हाय का, मंग तुला दोरानं उतरवला. तू पूजीयेवढा. तवर गल्लीत सायेब आला. बोभाटा झाला तर हुतं त्येबी जायाचं. दादांनी फरशी सरकवली, वर घोंगडी टाकली, आन्‌ सायबाला त्याच घोंगडीवर बसवून च्या पाजला. मी च्या घेऊन आले हुते. सायेब बशीतनं पीत हुता आन्‌ मला वाटत हुतं, कवा संपतोय ह्येचा च्या.”

“मग?” हर्षलने विचारलं. मॅनेजरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

“मंग काय, सायेब गेला, ह्याला वर काढला. रडला न्हाई. बोललाच न्हाई म्हना की, लई दिस. रातचा उठून दाराभाईर जाऊन बसायचा. दादा असं, की कुनाची माफी मागतील तर शपथ. पर त्या सालीच त्यांनी पेव बुजवलं. सोता मुरूम वाहून, दगड टाकून. तुमच्यापैकी येकानंबी पेव बगितलेलं न्हाई रं. तुमचा जल्म तरी झाला हुता का.”

“आन्‌ गोष्ट?” तात्यांनी विचारलं. आवाज फार लहान होता.

“ह्यो झोपायचा न्हाई. मंग मी सांगायची, एक पोर हुतं, बारक्या, शेजारच्या गावातलं, ते पेवात पडलं. दुसऱ्याचं म्हनून सांगितलं की झोपायचा. शेवटाला गूळ दिला की हसायचा. सांगून सांगून ह्येच्या डोक्यातनं गेलं. बरं झालं म्हनलं. पर मला सवय लागली ती लागली.”

वैजनाथने घसा साफ केला. “आई, काल तू माझ्यावर चष्मा चोरल्याचा आळ घेतलास आन्‌ चष्मा तुझ्या डोक्यावर निघाला. मंग ह्येच खरं कशावरनं?”

“रंगूला इचार, ऐंशी वरसांचा झाला तरी रातचा भाईर का निजतो.”

लिंबाखालची बाज सगळ्यांनाच दिसत होती. तात्यांना छत चावतं, हा विनोद त्या दिवसानंतर त्या घरात पुन्हा कुणी केला नाही.

“आणि मी, आत्या?” धनश्रीने विचारलं. “मला का चिकटलं ते? मांडीवर तर सगळेच होते.”

आत्यांनी तिला जवळ बोलावलं, आंब्याने चिकट झालेल्या हाताने तिचं मनगट धरलं. “तुजा बाप गेला त्या दिशी अंगनात ही गर्दी. तुजी माय शुद्धीत न्हवती. तू बापाकडं जायाचं म्हनून आकांत मांडला हुतास. मंग मी तुला घेऊन माजघरात गेले आन्‌ दार लावून घेतलं. तितं जोंधळ्याची पोती हुती. दिवसभर तुला हीच गोष्ट सांगितली, हज्जारदा. भाईर लोक भेटायला येत हुती, च्या पीत हुती. तेवढाच आवाज आत यायचा.”



“सांजच्याला रंगूनं दार उगडलं. कंदील हुता हातात. तू पोत्यांच्या मागं जाऊन बसलेली. ह्यो वाकला आन्‌ म्हनला, धनू, वर बग, मी हाय. आन्‌ तुला उचलून भाईर नेली.”

चेहरा. उजेडात वाकलेला तात्यांचा चेहरा. तिने नेहमी तो आधी धरला होता आणि अंधार नंतर, म्हणून तो झाकण लावणारा झाला होता. तिने आता मनातल्या मनात तेच उलटं लावून बघितलं: आधी अंधार, वास, ते फुरकणं, आणि मग उजेड, मग तात्या. आठवण तीच होती, पण आता ती नीट बसत होती.

तिने सुश्रुतकडे बघितलं. “खरं असेल हे?”

“माहीत नाही,” सुश्रुत म्हणाला. “आत्यांचीही आठवणच आहे. तुझी भीती मात्र पहिल्या दिवसापासून खरी होती. ते मी आधी म्हणायला हवं होतं.”

‘माहीत नाही’ हे उत्तर धनश्रीला पहिल्यांदाच चांगलं वाटलं. ती तात्यांसमोर जाऊन बसली. तात्यांचे हात अजून घागरीवर होते आणि घागर थरथरत होती.

“मंग,” तात्यांनी विचारलं, “पुन्याला न्यायची का?”

“तिथल्या घागरी गळतात,” धनश्री म्हणाली. “धरा नीट.” तिने तांब्या कलता केला. पाणी पडायला लागलं तसे तात्या आवाज न करता रडायला लागले, आणि तिने ते संपेपर्यंत पाणी अगदी बारीक धारेने ओतलं. मोनिकाने गॅस पुन्हा पेटवला. कुरडया मऊ पडल्या होत्या, पण त्या दिवशी कुणी नाव ठेवलं नाही.

उन्हं कलल्यावर अंगणात चहा आला. वैजनाथने सवयीने बशीत ओतला, फुंकर मारली, ओठांपाशी नेला आणि थांबला. समोर बाजेवर तात्या आणि धनश्री शेजारी शेजारी बसले होते. त्याने बशी हळूच खाली ठेवली आणि कपानेच, आवाज न करता, घोट घेतला. जीभ चांगलीच भाजली. डोळ्यांत पाणी आलं, पण आयुष्यात पहिल्यांदाच तो काही बोलला नाही.

तात्या त्याच्याकडे बघत होते. कितीतरी दिवसांनी ते हसले.

“फुरक रं वैजा,” ते म्हणाले. “आता काय, आमी दोघंबी वरच बसलोय.”

वैजनाथने बशी उचलली आणि वेशीपर्यंत ऐकू जाईल असा फुरका मारला. धनश्रीच्या अंगावर काटा आला आणि तात्यांच्याही. पण दोघांपैकी कुणीही जागचं उठलं नाही.